शिक्षकाचे वर्गातील बोलणे आणि विद्यार्थ्याची शास्त्रभाषा : अहिल्यानगर जिल्ह्यातील सेमी-इंग्रजी वर्गांच्या संदर्भात

१. विषयाची व्याप्ती

पाठ्यपुस्तकांची भाषा, परिभाषेची घडण, बोलींची वर्णने या विषयांवर आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. परंतु पुस्तक आणि विद्यार्थी यांच्यामध्ये उभे राहून दिवसाचे कित्येक तास जो मनुष्य बोलत असतो, त्याच्या बोलण्याची रचना कशी असते आणि त्या बोलण्यातून विद्यार्थ्याच्या पदरी भाषा म्हणून काय पडते, याचा विचार त्या मानाने थोडा झाला आहे. प्रस्तुत लेखात हा विचार एका मर्यादित क्षेत्रापुरता करावयाचा आहे. ते क्षेत्र म्हणजे मराठी माध्यमाच्या शाळांतील सेमी-इंग्रजी वर्ग होत. या वर्गांत गणित व विज्ञान हे विषय इंग्रजी पुस्तकांतून शिकविले जातात आणि इतर विषय मराठीतून चालतात. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून अनिवार्य झाला. त्यानंतर सेमी-इंग्रजीची मागणी खेड्यापाड्यांतूनही वाढत गेली.

विवेचनाच्या सोयीसाठी अहमदनगर, म्हणजे २०२४ पासून ज्याचे नाव अहिल्यानगर झाले तो जिल्हा, डोळ्यांसमोर ठेवला आहे. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याचे १४ तालुके परस्परांहून फार भिन्न आहेत. प्रवरेच्या कालव्यावरील राहाता-श्रीरामपूरकडील ऊसपट्टा, पाथर्डी-शेवगाव-जामखेडचा अवर्षणप्रवण भाग आणि अकोले तालुक्यातील महादेव कोळी व ठाकर समाजांची डोंगराळ वस्ती, असे तीन निराळे प्रदेश या एका जिल्ह्यात नांदतात. या तिन्ही ठिकाणच्या मुलांच्या हाती विज्ञानाचे एकच इंग्रजी पुस्तक पडते. त्या पुस्तकापर्यंत पोहोचण्याचा प्रत्येकाचा रस्ता मात्र वेगळ्या ठिकाणाहून सुरू होतो.

‘शास्त्रभाषा’ हा शब्द येथे पाठ्यपुस्तक, प्रयोगवही व उत्तरपत्रिका यांतून वापरल्या जाणाऱ्या भाषेसाठी योजिला आहे. व्याख्या करणे, कारण देणे, तुलना करणे, वर्गीकरण करणे आणि अनुमान मांडणे ही कामे या भाषेत करावी लागतात. ती केवळ कठीण शब्दांची यादी नव्हे. तिला स्वतःची वाक्यरचना आहे, आणि प्रस्तुत लेखाचा रोख मुख्यतः त्या वाक्यरचनेवर आहे.

२. दोन भाषांतील अंतर आणि ‘इंग्रजी शिकणारा’ कोण?

कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली दैनंदिन संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला. परदेशांतून आलेली मुले सुमारे दोन वर्षांत अंगणात सफाईने इंग्रजी बोलू लागतात. परंतु वर्गातील लेखन-वाचनात समवयस्कांची बरोबरी करण्यास त्यांना पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांनी १९८१ मध्ये दाखविले. हा भेद पुढे जगभर मान्य झाला आणि ‘बोलता येते, मग लिहिता का येत नाही?’ या शिक्षकांच्या नेहमीच्या प्रश्नास त्यातून उत्तर मिळाले.

आपल्याकडे मात्र या उपपत्तीचा अवलंब करताना एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. टोरांटोत आलेल्या मुलाच्या कानावर दुकानात, खेळात, रस्त्यावर इंग्रजी पडतच असते. पाथर्डी तालुक्यातील मुलाच्या बाबतीत तसे नाही. त्याच्या कानी पडणारे जिवंत, अर्थपूर्ण इंग्रजी वाक्य बहुधा शिक्षकाच्या तोंडूनच येते. म्हणून अमेरिकेत किंवा कॅनडात शिक्षकाचे बोलणे हा इंग्रजीच्या अनेक स्रोतांपैकी एक असतो, तर येथे तो जवळपास एकमेव ठरतो. या एका गोष्टीमुळे शिक्षकाच्या बोलण्याच्या अभ्यासाला आपल्या परिस्थितीत अधिकच महत्त्व येते.

दुसरेही एक अंतर विसरून चालणार नाही. पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी हीच पुष्कळ मुलांना घरची भाषा नसते. अकोल्याच्या डोंगरातील आश्रमशाळेत आलेला मुलगा घरच्या बोलीतून शाळेच्या मराठीत, त्या मराठीतून परिभाषेत आणि परिभाषेतून इंग्रजीत असा प्रवास करतो. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेले मूल कारखान्याच्या परिसरातून उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येते, तेव्हा या जिन्याच्या मधल्या काही पायऱ्या त्याच्या पुरत्या गळालेल्या असतात. त्या पायऱ्या पुन्हा बांधण्याचे साधन शिक्षकाच्या हाती एकच आहे आणि ते म्हणजे त्याचे बोलणे.

३. निरूपणाची परंपरा आणि तिचा अर्धा भाग

पुस्तकातील घट्ट विणीचे वाक्य सोडवून ऐकणाऱ्याच्या भाषेत मांडणे ही कला या जिल्ह्याला नवीन नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, प्रवरेकाठी नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. गीतेच्या ७०० श्लोकांचा विस्तार तेथे सुमारे ९००० ओव्यांत झाला. संस्कृतातील एकेका पदासाठी शेत, घर, पाणी, दिवा, आई-मूल यांच्या परिचित जगातून दृष्टांत आणून अर्थ उलगडणे ही त्या निरूपणाची रीत होती. पुढे एकोणिसाव्या शतकात, १८४२ साली, अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक अहमदनगर येथूनच निघू लागले. त्यातूनही पाश्चात्त्य विद्येचा पुष्कळ मजकूर मराठीत उतरला. संस्कृतातून असो की इंग्रजीतून, ज्ञान खाली उतरवून लोकांच्या भाषेत आणण्याची वाट या भूमीत चांगली मळलेली आहे.

आजचा सेमी-इंग्रजीचा शिक्षक या परंपरेचा वारस आहे. इंग्रजी परिच्छेद वाचावा, त्याचा अर्थ मराठीत सांगावा, ओळखीचा दाखला द्यावा आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळावे, ही पद्धत त्याने कोणत्याही प्रशिक्षण महाविद्यालयात न शिकता आत्मसात केलेली असते. ती टाकाऊ आहे असे मुळीच नाही. विद्यार्थ्यास अर्थ कळतो तो त्याच पद्धतीने.

परंतु निरूपण ऐकणाऱ्या श्रोत्याकडून कोणी संस्कृत श्लोक रचण्याची अपेक्षा करीत नव्हते. शाळेतील विद्यार्थ्याकडून मात्र नेमकी तीच अपेक्षा असते. मराठीत उलगडलेला अर्थ त्याने इंग्रजीत पुन्हा गुंडाळून उत्तरपत्रिकेत मांडावयाचा असतो. सिडनीचे समाजशास्त्रज्ञ कार्ल मेटन यांनी २०१३ साली अर्थाच्या लाटेची कल्पना मांडली. चांगल्या अध्यापनात बोलणे घट्ट शास्त्रीय विधानापासून साध्या अनुभवाकडे उतरते आणि तेथून पुन्हा शास्त्रीय विधानाकडे चढते, असा तिचा आशय आहे. आपल्या वर्गांत लाट उतरते आणि बहुतेक वेळा खालीच राहते. चढण विद्यार्थ्याने घरी, एकट्याने, फळ्यावरून उतरवून घेतलेल्या तयार उत्तराच्या पाठांतराने पुरी करावी अशी व्यवस्था असते. शिक्षकाच्या बोलण्याचा उतरणीचा भाग समर्थ असून चढणीचा भाग दुर्बळ आहे, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

४. मिश्र वाक्याचे व्याकरण

चढण दुर्बळ का राहते, हे समजण्यासाठी सेमी-इंग्रजी वर्गातील सर्वपरिचित बोलीकडे पाहावे. पुढील संवाद उदाहरणादाखल रचला आहे. परंतु अशा वर्गांचा परिचय असलेल्या कोणासही तो अनोळखी वाटू नये.

बाई : हीटमुळे वॉटरचं काय होतं? इव्हॅपो…
वर्ग : …रेशन!
बाई : म्हणजे पाण्याची वाफ होते. कशामुळे? उष्णते…
वर्ग : …मुळे!
बाई : कळलं का सगळ्यांना?
वर्ग : होऽऽ!

या संवादाचे भाषिक पृथक्करण केले असता दोन गोष्टी दिसतात. पहिली गोष्ट विद्यार्थ्यांच्या वाट्याची. वर्गाने उच्चारलेला सर्वांत मोठा भाषिक घटक म्हणजे शब्दाचा उत्तरार्ध होय. पूर्ण वाक्य एकाही विद्यार्थ्याने उच्चारले नाही. शेवटचा ‘हो’ हा आकलनाचा पुरावा नसून शिष्टाचाराचा भाग आहे. दक्षिण आफ्रिकेतील वर्णविद्वेषी राजवटीच्या काळातील वर्गांचा अभ्यास करून कीथ चिक यांनी १९९६ साली अशा सामूहिक उत्तरांस ‘सुरक्षित बोलणे’ असे नाव दिले. त्यांच्या मते अशा उत्तरांनी शिक्षक व विद्यार्थी दोघांचीही अब्रू राखली जाते आणि काही न शिकताही शिकल्याचा देखावा टिकून राहतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची असून ती वाक्यरचनेविषयी आहे. ‘हीटमुळे वॉटरचं इव्हॅपोरेशन होतं’ या वाक्यात तीन नामे इंग्रजी आहेत. कारण दाखविणारा ‘-मुळे’, संबंध दाखविणारा ‘-चं’ आणि क्रियापद ‘होतं’ हे सर्व मराठी आहे. म्हणजेच या वाक्याचा सांगाडा पूर्णतः मराठी असून इंग्रजीने केवळ नामांच्या खुंट्यांवर कपडे टांगले आहेत. मिश्रणाच्या या प्रकारात काही अपवित्र नाही. द्विभाषिक समाजात असे मिश्रण सर्वत्र होते आणि पहिल्या पायरीवर ते उपकारकही असते. प्रश्न वेगळा आहे. उत्तरपत्रिकेत विद्यार्थ्यास जे स्वतः घालावे लागते, म्हणजे इंग्रजी क्रियापद, शब्दयोगी पद, उपपद व उभयान्वयी अव्यय, तेच नेमके या मिश्रणात मराठीने भरून काढलेले असते. वर्षभर असे वाक्य ऐकणाऱ्या मुलास इंग्रजी नामे पाठ होतात. पण त्या नामांना जोडणारा सांधा त्याच्या कानावर पडत नाही. ‘हीट’, ‘वॉटर’ व ‘इव्हॅपोरेशन’ हे तीनही शब्द ज्यास येतात, त्या मुलाला त्यांचे एक वाक्य करता येऊ नये, याचे कारण त्याच्या बुद्धीत शोधण्याचे प्रयोजन नाही. ते वाक्य त्याला कोणी ऐकविलेलेच नसते.

मराठी व इंग्रजी यांच्या रचनांतील काही भेद येथे विशेष अडचण करतात. मराठीत कारण दाखविणारे पद नामाच्या मागून येते, इंग्रजीत पुढून. ‘उष्णतेमुळे’ याचे ‘बिकॉज ऑफ हीट’ होते. मराठीत जोडीने येणारी अव्यये आहेत. ‘बंद भांड्यातील वायूचे तापमान जसजसे वाढते, तसतसा त्याचा दाब वाढतो’ हे वाक्य मुलास सहज समजते. इंग्रजीत ‘ॲज’ने सुरू होणाऱ्या वाक्यात ‘तसतसा’ला जागाच नाही. ‘जरी-तरी’च्या सवयीने ‘ऑलदो’नंतर ‘बट’ घालण्याची चूक तर भारतभर होते. या ठिकाणी शिक्षकाने ‘मराठीत जोडी लागते, इंग्रजीत एकट्यावर भागते’ एवढे एक वाक्य उच्चारले, तरी व्याकरणाच्या तासाचे काम विज्ञानाच्या तासात होऊन जाते.

५. ‘आटणे’ : एका क्रियापदाची कथा

घरच्या बोलीला शास्त्रभाषेची शत्रू मानण्याची प्रवृत्ती सुशिक्षितांत बरीच आहे. तिचा निरास करण्यासाठी ‘आटणे’ हे एकच क्रियापद पाहू. दुष्काळी तालुक्यातील मुलास हा शब्द उत्तम येतो. उन्हाळ्यात शेततळे आटते, विहीर आटते, चुलीवर दूध आटते. बोलीच्या दृष्टीने तिन्ही ठिकाणी एकच घटना घडते. होते ते कमी होते. शास्त्राच्या दृष्टीने मात्र दूध व शेततळे यांच्या बाबतीत पाण्याची वाफ होते, तर विहिरीच्या बाबतीत भूजलाची पातळी खाली जाते. बोलीचा एक शब्द शास्त्राच्या दोन संकल्पनांवर पसरलेला आहे. पाठ्यपुस्तकातील ‘बाष्पीभवन’ हा शब्द ‘आटणे’चा भारदस्त पर्याय म्हणून शिकविला, तर विहिरीचेही बाष्पीभवन झाले असे मूल लिहील, आणि त्याच्या तर्कात दोष काढता येणार नाही.

शिवाय या प्रदेशातील बोलीत पाण्याविषयीची शब्दसंपत्ती विलक्षण सूक्ष्म आहे. पाझरणे, झिरपणे, मुरणे, उपसा, ओल, वाफसा हे शब्द मुलांच्या घरात रोज वापरले जातात. १९७२ च्या दुष्काळात येथे व अन्यत्र जी कामे निघाली, त्यांत पाझर तलाव होते, आणि ‘पाझर तलाव’ हा शब्द गावोगाव रुळला. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी आणि नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावांची पाणलोट विकासाची कामे सर्वश्रुत आहेत. हिवरे बाजारात तर ग्रामसभेपुढे गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. किती पाऊस पडला, किती पाणी मुरले, किती उपसले आणि कोणते पीक घेता येईल, असे कारण व परिमाण यांना धरून बोलणे हे शास्त्रभाषेचेच बोलणे होय. ते मराठीत, गावातल्या गावात, शेतकऱ्यांच्या तोंडी चालते. अशा गावच्या मुलाची भाषा दरिद्री आहे असे म्हणणारा शिक्षक त्या मुलाचे भांडवल मोजावयास विसरला, एवढेच म्हणता येईल.

रशियन मानसशास्त्रज्ञ विगोत्स्की यांनी १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात व्यवहारातील संकल्पना व शास्त्रीय संकल्पना यांचा परस्परसंबंध असाच मांडला आहे. पहिल्या खालून वर वाढतात, दुसऱ्या वरून खाली येतात, आणि शिकणे घडते ते त्यांच्या भेटीच्या ठिकाणी. ही भेट घडवून आणणे हे शिक्षकाच्या बोलण्याचे काम आहे.

६. तिसरे वाक्य

बर्मिंगहॅमचे सिंक्लेअर व कूल्थर्ड यांनी १९७५ साली वर्गातील संवादाचा साचा दाखवून दिला. शिक्षक विचारतो, विद्यार्थी उत्तर देतो आणि शिक्षक त्या उत्तरावर काहीतरी म्हणतो. या साच्यातील तिसरे वाक्य निर्णायक असते. ‘बरोबर, बस खाली’ असे तिसरे वाक्य आले की संवाद संपतो. त्याच जागी विद्यार्थ्याचे उत्तर हाती घेऊन पुढे नेणारे वाक्य आले की शिकणे सुरू होते. मागील विषयावरच रचलेला दुसरा संवाद पाहू. शेततळे शाळेशेजारचे असून त्यातून त्या काळात पाणी उपसलेले नाही, असे धरले आहे.

बाई : शेततळं काठोकाठ भरलेलं होतं. आता चैत्रात खाली आलं. पाणी कुठं गेलं?
विद्यार्थिनी : उन्हानं आटलं, बाई.
बाई : उन्हानं आटलं. आणि विहिरीचं?
विद्यार्थिनी : तेबी आटलं.
बाई : दोन्हीकडचं एकाच कारणानं आटलं का? (थांबतात.)
विद्यार्थी : नाही बाई. विहिरीत एवढं ऊन कुठं पडतंय? तिचं मोटारीनं उपसलं.
बाई : म्हणजे तू म्हणतोस, उपसा झाल्यामुळे विहिरीची पाणीपातळी खाली गेली. शेततळ्याला तर बुडाशी कागद आहे. मग तिथलं पाणी उन्हानंच गेलं, हे कशावरून?
विद्यार्थिनी : खाली मुरायला जागाच नाही, आणि कुणी उपसलंबी नाही. मग वरच गेलं असंल, वाफ होऊन.
बाई : या वाफ होऊन जाण्याला पुस्तकात बाष्पीभवन म्हणतात, इंग्रजीत इव्हॅपोरेशन. आता तुझंच म्हणणं इंग्रजीत सांग.
विद्यार्थिनी : वॉटर गो अप… वाफ.
बाई : वॉटर गोज अप ॲज वेपर. म्हण बरं.
विद्यार्थिनी : वॉटर गोज अप ॲज वेपर.
बाई : आता पुस्तकासारखं. सुरुवात मी करते : द वॉटर लेव्हल इन द पाँड फॉल्स…
विद्यार्थिनी : द वॉटर लेव्हल इन द पाँड फॉल्स बिकॉज ऑफ इव्हॅपोरेशन.

पहिल्या संवादाच्या मानाने येथे वेळ अधिक लागला, हे उघड आहे. त्या वेळाचे काय झाले, ते क्रमाने पाहू.

प्रथम, शिक्षिका थांबल्या. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या संशोधिका मेरी बड रो यांनी १९७४ मध्ये दाखविले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंद थांबतात, आणि ते थांबणे तीन सेकंदांवर नेले की विद्यार्थ्यांची उत्तरे लांबतात व त्यांत कारणे येऊ लागतात. दुसऱ्या भाषेत विचार जुळविणाऱ्या मुलास तर या दोन सेकंदांची गरज अधिकच असते.

दुसरे, ‘म्हणजे तू म्हणतोस’ असे म्हणून विद्यार्थ्याचेच म्हणणे अधिक नेमक्या मराठीत परत सांगितले गेले. ओकॉनर व मायकेल्स यांनी १९९३ साली या युक्तीचे वर्णन केले आहे. ‘मोटारीनं उपसलं’चे ‘उपसा झाल्यामुळे पाणीपातळी खाली गेली’ असे झाले. पण विधानाचे श्रेय मुलाकडेच राहिले. बोलीची चेष्टा झाली नाही आणि प्रमाण रूपही कानावर पडले.

तिसरे, ‘कशावरून?’ हा प्रश्न आला. ‘काय?’ व ‘किती?’ या प्रश्नांना एका शब्दाचे उत्तर पुरते; ‘कशावरून?’ला पुरत नाही. न्यायशास्त्रात प्रतिज्ञेमागून हेतू यावा लागतो, त्याच परंपरेतला हा रोजच्या वापरातील शब्द आहे. शास्त्रभाषा मुळात या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी घडलेली आहे.

चौथे, संज्ञा शेवटी आली. संकल्पना हाती आल्यावर नाव दिले गेले. नावावरून संकल्पनेकडे जावे लागले नाही.

पाचवे, ‘गो’चे ‘गोज’ झाले ते चूक म्हणून फटकारल्याने झाले नाही. बरोबर वाक्य ऐकवून ते मुलीकडून म्हणवून घेतले गेले. आणि शेवटी क्रियेचे नामात रूपांतर झाले. ‘वॉटर गोज अप’ ही घटना आहे. ‘बिकॉज ऑफ इव्हॅपोरेशन’मध्ये त्या घटनेचे नाम होऊन ते कारण म्हणून उभे राहिले. मायकेल हॅलिडे यांनी इंग्रजी शास्त्रभाषेचे मर्म याच नामीकरणात पाहिले होते. मराठी विद्यार्थ्यास ही प्रक्रिया परकी नाही. बाष्प, बाष्पीभवन, द्रव, द्रवीभवन, वर्ग, वर्गीकरण, शुद्ध, शुद्धीकरण अशा मालिका त्याच्या मराठी पुस्तकांत आहेतच. ‘भवन’ म्हणजे आपण होणे आणि ‘करण’ म्हणजे कोणीतरी करणे, हा भेद मराठी परिभाषा स्पष्ट दाखविते; इंग्रजीतील ‘-शन’ या एकाच प्रत्ययात दोन्ही सामावतात. हे साम्य व हा भेद फळ्यावर शेजारी शेजारी मांडणे कोणत्याही विज्ञानशिक्षकास शक्य आहे. मराठी परिभाषा ही येथे इंग्रजीच्या वाटेतील अडथळा नसून तिची पायरी ठरते.

ऑस्ट्रेलियात पॉलिन गिबन्स यांनी चुंबकत्व शिकणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या वर्गांत अशीच चढण अभ्यासली. मुले आधी प्रयोग करताना हातवाऱ्यांनी बोलतात, मग शिक्षिकेच्या मदतीने तोच प्रयोग वर्गाला सांगतात आणि शेवटी लिहितात. सांगण्याची ही मधली पायरी लेखनाचा पाया घालते, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्या वर्गांत गळते ती हीच पायरी.

७. परांची केव्हा उतरवावी?

वुड, ब्रूनर व रॉस यांनी १९७६ साली शिकणाऱ्यास मिळणाऱ्या अशा मदतीस बांधकामावरील परांचीची उपमा दिली. ही उपमा आपल्याकडे ‘आधार’ या शब्दात पुसट होते. गवंडी परांची बांधतो ती उतरविण्यासाठी; भिंत उभी राहिल्यावरही ती तशीच ठेवली तर इमारत पुरी झाली असे कोणी म्हणणार नाही. म्हणून वरील संवादातील मदतही क्रमाने काढून घ्यावी लागते. आज वाक्याची सुरुवात शिक्षकाने करून दिली, तर पुढील आठवड्यात ती फळ्यावरील दोन शब्दांवर आणावी आणि सत्राअखेर विद्यार्थ्याने स्वतः करावी. विद्यार्थ्याचे वाक्य शिक्षकच नेहमी सुधारून म्हणू लागला आणि विद्यार्थ्याने ते पुन्हा उच्चारलेच नाही, तर ही उत्तम युक्तीही शिक्षकाच्या वक्तृत्वात जमा होते.

वर्ग मोठे असतात, अभ्यासक्रम संपवावयाचा असतो आणि खुद्द शिक्षकाचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असल्याने इंग्रजी वाक्य उच्चारण्याचा त्याला संकोच वाटतो, या अडचणी खऱ्या आहेत. प्रत्येक तास वरीलप्रमाणे चालवावा असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. एका तासात एक संकल्पना, तिची दोन किंवा तीन इंग्रजी वाक्ये, आणि ती वाक्ये वेगवेगळ्या चार-पाच मुलांच्या तोंडून पूर्णपणे आलेली, एवढे पथ्य पाळले तरी वर्षाअखेर फरक पडू शकेल. तेवढी वाक्ये शिक्षकास आदल्या दिवशी तयार करून ठेवता येतात. त्यासाठी अस्खलित इंग्रजी संभाषणाची आवश्यकता नाही.

या प्रश्नाला सामाजिक अंगही आहे. दहावीपर्यंत तयार उत्तरांच्या पाठांतरावर निभावते. अकरावीच्या विज्ञान शाखेत विषय इंग्रजीतून चालतात आणि मराठीचा आधार एकदम निघून जातो. ज्या घरात इंग्रजी जाणणारे कोणी आहे किंवा शिकवणीचा खर्च झेपतो, तेथील मुलाची चढण घरी पुरी होते. ऊसतोड कामगाराच्या किंवा डोंगरातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याची चढण वर्गात झाली नाही तर ती कोठेच होत नाही. तो मुलगा विज्ञान सोडतो, तेव्हा त्याला विज्ञान झेपले नाही अशी नोंद होते. प्रत्यक्षात त्याला विज्ञान कळलेले असण्याचा पुष्कळ संभव असतो; न कळलेली असते ती ते सांगण्याची इंग्रजी.

८. अभ्यासाची दिशा

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या विषयात करण्याजोगे काम भरपूर आहे आणि त्यासाठी खर्चिक साधनांची गरज नाही. मुख्याध्यापक, शिक्षक व पालक यांची संमती घेऊन एका शाळेतील विज्ञानाचे काही तास ध्वनिमुद्रित करावेत आणि त्यांचे बोलीसह, विरामांसह, जसेच्या तसे लेखन करावे. नंतर पुढील गोष्टी मोजाव्यात : नवी संज्ञा विद्यार्थ्याने स्वतः पूर्ण वाक्यात किती वेळा वापरली, सामूहिक उत्तरे किती व एकेकट्याची किती, शिक्षकाच्या तिसऱ्या वाक्याने संवाद किती वेळा संपला व किती वेळा पुढे गेला, मिश्र वाक्यांत इंग्रजी क्रियापद व शब्दयोगी पद कितीदा आले, आणि प्रश्नानंतर शिक्षक किती सेकंद थांबला. तीन महिन्यांनी त्याच विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्यांतील वाक्ये या मोजणीशेजारी ठेवली, तर बोलणे व लेखन यांचा संबंध आपल्याच मातीतील पुराव्याने तपासता येईल.

अकोले, पाथर्डी व राहाता येथील तीन शाळांची अशी तुलना झाल्यास घरची बोली, शाळेची मराठी व इंग्रजी यांच्या तिपेडी नात्याचे वर्णन प्रथमच सविस्तर हाती येण्याजोगे आहे. आजवर आपण शिक्षकाला काय शिकवावे हे सांगत आलो. तो कसा बोलतो, हे ऐकून घेण्याचे काम भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांनी आता अंगावर घ्यावयास हवे.